वेबहुकच्या कामात मदत करणाऱ्या ताईंना अनावृत आभारपत्र

रबाळे, नवी मुंबई

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

आमच्या टीममधील एका सहकाऱ्याची मोठी बहीण, एवढ्याच नात्याने आपण लागोपाठ तीन शनिवार ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळ्याला आलात आणि आमच्या रेपोतल्या (प्रोग्रॅमच्या कोडच्या भांडारातल्या) बदलांचे टीमला जाणारे निरोप, म्हणजे सूचना, व बिल्ड (बदललेल्या कोडपासून चालता प्रोग्रॅम आपोआप बांधणे) वेबहुकवर, म्हणजे बदल होताच भांडारानेच आपणहून कळवण्याच्या सोयीवर, आणून दिलेत, त्याबद्दल हे पत्र. ‘आणून दिलेत’ हे शब्दही तसे चुकीचेच, कारण कीबोर्डला आपण एकदाही हात लावला नाही. आणि आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्याचेच.

आमचा रेपो जिथे ठेवलेला आहे त्या गिटहबने निरोप पोहोचवणाऱ्या आपल्या जुन्या ‘सर्व्हिसेस’ 31 जानेवारी 2019 रोजी बंद केल्या, तेव्हा आमच्याकडे कोणीतरी घाईघाईत बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्स या प्रोग्रॅमला दर 5 मिनिटांनी रेपोत डोकावायला (म्हणजे पोलिंग करायला) लावले आणि ती तात्पुरती सोय वर्षानुवर्षे तशीच राहिली. जेनकिन्सची 14 कामे (जॉब), प्रत्येकाच्या दिवसाला 288 फेऱ्या, म्हणजे रोज 4,032 वेळा ‘काही नवीन आहे का?’ ही विचारणा, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’. पुश केल्यावर, म्हणजे कोडमधले बदल रेपोत पाठवल्यावर, बिल्ड सुरू होईपर्यंत आम्ही चहाला जात असू. ती सवय मोडल्याची हळहळ टीममध्ये अजून आहे.

पहिल्या शनिवारी जेनकिन्सला वेबहुक जोडला आणि गिटहबच्या नोंदीत 302 हा उत्तराचा संकेत उमटला. मी नेहमीप्रमाणे फायरवॉलला दोष देऊ लागलो. आपण एवढेच म्हणालात, “पत्ता मोठ्याने वाचा.” शेवटचा स्लॅश राहून गेला होता, तो नसला की जेनकिन्स दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवतो आणि गिटहब तिकडे जात नाही.

दुसरा शनिवार मात्र सूचनांनीच खाल्ला. त्यासाठी आम्ही पायथन या भाषेत स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. गिटहब दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या सिक्रेटवरून (गुप्त शब्दावरून) मजकुराची एचएमएसी स्वाक्षरी (मजकूर व सिक्रेट मिळून काढलेली खूण) काढून हेडरमध्ये, म्हणजे मजकुरासोबतच्या माहितीत, पाठवतो, आपण आपल्या बाजूने तीच काढून ताडून पाहायची, आणि न जुळल्यास मजकूर नाकारायचा, एवढा साधा व्यवहार. आमच्याकडे ती बहुतेक वेळा जुळत असे आणि मधूनच जुळत नसे. सिक्रेट बदलून पाहिले, सर्व्हर पुन्हा सुरू केला, काही उपयोग झाला नाही. आपण नाकारलेले पेलोड (आलेले मजकूर) एकाखाली एक उघडायला लावलेत आणि ‘यांच्यात सारखे काय आहे?’ असे विचारून गप्प बसलात. बऱ्याच वेळाने एका कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) नजर थांबली: ‘देयकावरील तारीख दुरुस्त केली’. कमिटचा संदेश मराठीत लिहिणारा आमच्यात एकच, आपला भाऊ, आणि नाकारलेले सगळे पुश त्याचेच होते.

आमचा प्रोग्रॅम आलेला जेसन (ठरावीक मांडणीतला मजकूर) आधी उलगडत होता, मग मधे मोकळ्या जागा न सोडता पुन्हा बांधून त्यावर स्वाक्षरी काढत होता. इंग्रजी मजकूर या फेरीतून जसाच्या तसा बाहेर पडे. देवनागरी अक्षरांच्या जागी मात्र पायथन त्यांचे सांकेतिक आकडे घाली, आणि बाइट बदलले की स्वाक्षरी बदललीच. आपण म्हणालात, “पाकीट फोडून आतले पत्र सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढलेत, तर वरची मोहोर कशी जुळेल? आले तसे बाइट घ्या, आधी मोहोर पाहा, मग वाचा.” दुरुस्ती दोन ओळींची निघाली. त्याआधीच ‘यापुढे कमिट इंग्रजीत लिही’ असे आपल्या भावाला सांगून मी प्रश्न मिटवणार होतो, हे येथे कबूल करतो.

तिसऱ्या शनिवारी आपल्याशी वादही झाला. 10 सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर गिटहब ती पोच अयशस्वी धरतो, म्हणून आधी पोचपावती द्यायची आणि सूचना वाटण्याचे काम रांगेत टाकायचे, हे लगेच पटले. पण पोलिंग मुळापासून काढून टाकायचे माझ्या मनात असताना, रोज रात्री एकदा तरी ते चालू ठेवा, असा आग्रह आपण धरलात, कारण न पोहोचलेला निरोप गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. मला ते अर्धवट वाटले होते. नोंदीत लाल दिसलेला निरोप 3 दिवसांच्या आत हाताने पुन्हा पाठवता येतो, हेही आपण त्याच वेळी प्रत्येकाकडून एकेकदा करून घेतलेत.

गेल्या शुक्रवारी सकाळी आमच्या इमारतीची वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. मी ऑफिसात पोहोचलो तेव्हा आमची नवी प्रशिक्षणार्थी, जी त्या शनिवारी मागच्या खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहीत होती, नोंदीतले तीन लाल निरोप पुन्हा पाठवून मोकळी झाली होती. तिसरा निरोप आपल्या भावाचा होता, मराठीतला, आणि त्याची स्वाक्षरी जुळली.

कळावे,
आपला आभारी,
बिल्डची जबाबदारी सांभाळणारा