कन्सोल घेण्याआधी तुझ्या यादीबद्दल

ग्रँट रोड, मुंबई

प्रिय मृण्मयी,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, घ्यायचं तू ठरवलंस, याचा मला आणि आईला फार आनंद झाला. पैसे तुझे आहेत, निर्णयही तुझाच राहील. पण यादीतल्या प्रत्येक गेमपुढे तू 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलं आहेस आणि त्या जोरावर एवढी रक्कम घालणार आहेस. फोनवर हे नीट बोलून होत नाही, तू वर्गातून वर्गात पळत असतेस, म्हणून लिहायला बसलो. लॅमिंग्टन रोडवरच्या आपल्या दुकानात रोज कुणी ना कुणी हेच विचारतं, "काका, हा गेम फक्त प्लेस्टेशनवरच आहे ना?" त्यांना काउंटरवर दोन वाक्यांत उत्तर देतो. तुला सगळं सांगतो.

यादीतलं पहिलंच नाव घे, हेलडायव्हर्स २. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा गेम पीएस५ वर आणि पीसीवर एकाच दिवशी आला. तरी सगळे त्याला कन्सोल एक्सक्लुझिव्ह म्हणत होते आणि या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ते बरोबरच होतं. कन्सोल एक्सक्लुझिव्ह म्हणताना पीसी धरतच नाहीत. सोनी (प्लेस्टेशनवाली), मायक्रोसॉफ्ट (एक्सबॉक्सवाली) आणि निन्टेन्डो (स्विचवाली) या तिघांपैकी एकाच्याच मशीनवर गेम असला की झालं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये हाच गेम एक्सबॉक्सवर आला, म्हणजे तेही नाव गेलं. तुझ्याकडे चांगला लॅपटॉप आहे. तुझ्यासाठी हा गेम एक्सक्लुझिव्ह पहिल्या दिवसापासूनच नव्हता.

म्हणून माझा हिशेब कडक आहे. ज्या गेमसाठी ते मशीन घेण्यावाचून गत्यंतरच नाही, तेवढाच एक्सक्लुझिव्ह. बाकीच्यांना कंपनीने काहीही म्हणावं, आपण त्यांच्यासाठी मशीन घेऊ नये.

दुकानात जुन्या डिस्कच्या खणात होरायझन झीरो डॉनचा २०१७ चा डबा आहे. त्यावर 'ओन्ली ऑन प्लेस्टेशन' असं छापलंय. २०२० मध्ये तो गेम पीसीवर आला, तरी डब्यावरचा मजकूर आहे तिथेच आहे. गॉड ऑफ वॉर २०१८ चा, पीसीवर २०२२ मध्ये. घोस्ट ऑफ त्सुशिमा २०२० चा, पीसीवर २०२४ मध्ये. हे तिन्ही तुझ्या यादीत आहेत. इतकंच काय, होरायझनचा लेगोवाला गेम तर सोनीनेच नोव्हेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो स्विचवर विकला. डब्यावरचं वाचून तो गेम कधीकाळी कुठे होता एवढं कळतं. आज कुठे आहे ते स्वतःच पाहावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं, आणि त्याला कारणं होती. मी लहान असताना आपल्याकडे मिळायच्या त्या साठ पिनांच्या कॅसेटी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी मशीनच्या मापाच्या असत. अमेरिकेत निन्टेन्डोने तेच मशीन ७२ पिनांचं केलं आणि आत एक कुलूप-चिप बसवली. परवाना नसलेली कॅसेट चालायचीच नाही. परवाना हवा असेल तर बाहेरच्या कंपनीने तो गेम दोन वर्षं दुसऱ्या कोणत्याही मशीनवर द्यायचा नाही, अशी अट होती. पुढे प्रत्येकाच्या मशीनचं पोटच वेगळं झालं. पीएस३ मधला सेल प्रोसेसर इतका न्यारा होता की त्यासाठी लिहिलेला गेम दुसरीकडे न्यायचा म्हणजे अर्धाअधिक नव्याने बांधायचा. २०१३ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वन दोन्ही एएमडी कंपनीच्या, पीसीच्याच जातीच्या चिपवर आले. मशीन उघडून बसणाऱ्या माणसाला तो बदल लगेच दिसला. त्या दिवसापासून गेमला एका जागी अडवून ठेवतो तो मुख्यतः करार.

आणि करार कोणी कोणाशी केलाय, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. गेमचं नाव मशीनवाल्या कंपनीच्याच मालकीचं असेल तर ते स्वतःच्या मालकीचं घर. विकायचं की नाही, कधी विकायचं, ते मालक ठरवणार. बाहेरच्या कंपनीचा गेम काही काळासाठी पैसे देऊन अडवला असेल तर तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, मुदत संपली की निघाला. राइज ऑफ द टूम रेडर नोव्हेंबर २०१५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, जानेवारीत पीसीवर आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पीएस४ वर. ज्यांना धीर होता त्यांना वर्षभरातच तो आपापल्या मशीनवर मिळाला. तुझ्या यादीतला फायनल फँटसी १६ याच जातीचा: जून २०२३ मध्ये पीएस५, सप्टेंबर २०२४ मध्ये पीसी.

उलट उदाहरण बायोनेटा २ चं. नाव सेगा या कंपनीचं, पण पैसा निन्टेन्डोने घातला म्हणून तो गेम तयार झाला. २०१४ पासून आजपर्यंत तो निन्टेन्डोच्याच मशीनवर आहे. ज्याच्या पैशावाचून गेम जन्मालाच आला नसता, त्याने तो आपल्याकडे ठेवला तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. तयार होत आलेला गेम नुसता अडवून ठेवण्यासाठी पैसे मोजतात, ते मात्र मला पटत नाही. त्याने खेळणाऱ्याला नवीन काहीच मिळत नाही.

तू पुण्यात आहेस म्हणून राजीचंही सांगतो. राजी: ॲन एन्शंट एपिक हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी फक्त निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, पीएस४, एक्सबॉक्सवर. जेमतेम दोन महिने एक्सक्लुझिव्ह. छोट्या टीमला एखाद्या कंपनीने असं पुढे आणलं तर मला बरंच वाटतं. आपल्या मुलांचं काम जगभरच्या खेळाडूंसमोर गेलं. तुला याच क्षेत्रात उतरायचंय, उद्या असा कागद तुझ्याही समोर येईल. मुदत किती आणि त्यानंतर हक्क कोणाकडे, या दोन ओळी सावकाश वाचायच्या.

आता ज्याच्यासाठी मशीन घ्यावं असं मला खरोखर वाटतं ते. मागे एकाचा पीएस५ चा कंट्रोलर टेबलावर उघडला होता. त्याच्या ट्रिगरमागे एक बारीक मोटर आहे. ती वर्म गिअर फिरवते, गिअर एक छोटा दात पुढे ढकलतो आणि तो दात ट्रिगरला आतून अडतो. त्यामुळे बोटाला कधी ताणलेली दोरी लागते, कधी अडकलेलं बटण. थरथरण्यासाठी जुन्या कंट्रोलरमध्ये वजन लावलेल्या मोटरी फिरायच्या. इथे स्पीकरच्या कॉइलसारखी कॉइल आहे, म्हणून वाळूवरून चालणं आणि काचेवरून चालणं हाताला वेगवेगळं कळतं. सप्टेंबर २०२४ चा ॲस्ट्रो बॉट याच भागांवर रचलाय. मी तो दुकानात खेळलो आणि हातातल्या वस्तूचा एवढा विचार करून केलेलं काम पाहून भारावून गेलो. त्याला एक्सक्लुझिव्ह म्हणायला माझी अजिबात हरकत नाही.

मामा तुला एक्सबॉक्स घे म्हणतो. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे गेम आता पीसीवर त्याच दिवशी येतात आणि फोर्झा होरायझन ५ तर २०२५ मध्ये पीएस५ वरही आला. लॅपटॉप असताना एक्सबॉक्स तू कशासाठी घेशील, मला समजत नाही. निन्टेन्डोची गोष्ट वेगळी. मारिओ आणि झेल्डाचे मुख्य गेम ते पीसीवर देत नाहीत, तिथे एक्सक्लुझिव्ह म्हणजे एक्सक्लुझिव्हच. पण इथल्या हिरा पन्ना बाजारात मिळतात ती मशीनं बाहेरून आणलेली असतात, बिघडली तर वॉरंटीसाठी धावाधाव होते.

तर तुझ्या यादीत माझ्या हिशेबाने चार नावं उरतात: ब्लडबोर्न, डीमन्स सोल्स, ग्रॅन टुरिस्मो ७ आणि ॲस्ट्रो बॉट. ब्लडबोर्न २०१५ चा असूनही अजून पीसीवर नाही, आणि नाव सोनीचं असल्यामुळे बनवणारी कंपनी स्वतःहून तो दुसरीकडे नेऊ शकत नाही. हे चार गेम तुला मनापासून खेळायचे असतील तर पीएस५ अवश्य घे, डिस्कवालाच घे, खेळून झालेली डिस्क मी दुकानात घेईन. बाकीच्यांसाठी लॅपटॉप पुरेल की नाही ते बघायला हवं. त्यात ग्राफिक्स कार्ड कोणतं आणि रॅम किती ते मला कळव. रॅम कमी असेल तर शनिवारी येताना लॅपटॉप घेऊनच ये, इथे वाढवून देतो.

तुझे बाबा