नोंदणी फेटाळली गेली, तरी दाद मागता येते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंटरनेटवर वापरायच्या एखाद्या नव्या फाइल-प्रकाराला, पोर्टला (संगणकावरच्या कोणत्या सेवेशी जोडायचे हे सांगणाऱ्या क्रमांकाला) किंवा प्रोटोकॉलमधल्या, म्हणजे संगणकांच्या परस्पर संवादाच्या नियमांमधल्या, नव्या पर्यायाला अधिकृत नाव अथवा क्रमांक मिळावा म्हणून केलेला अर्ज फेटाळला गेला, की विषय तिथेच संपला अशी बऱ्याच अर्जदारांची समजूत असते. मग कोणी कामच सोडून देतो, तर कोणी नोंदणीवाचून मनाला येईल ते नाव वापरू लागतो. दुसऱ्या प्रकाराचा उपद्रव मोठा आहे. नोंद नसलेली नावे 'एक्स-' असा उपसर्ग लावून वेगळी ठेवण्याची प्रथा पूर्वी होती. पण ती नावे पुढे सर्रास रूढ होऊन बसत आणि काढता येत नसत, म्हणून २०१२ साली आरएफसी ६६४८ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानके व कार्यपद्धती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) नव्या नावांसाठी ती प्रथा टाळण्यास सांगितले. या दोन्हींखेरीज अपिलाची रीतसर वाट उपलब्ध आहे, आणि तिची माहिती फारच थोड्यांना असते.

या नावांची व क्रमांकांची दप्तरे इंटरनेट असाइन्ड नंबर्स ऑथॉरिटी, म्हणजे आयाना, सांभाळते. कोणत्या दप्तरात कोणत्या अटींवर नोंद व्हावी, हे मात्र इंटरनेटची तांत्रिक मानके तयार करणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या प्रक्रियेतून ठरते. काही दप्तरांत प्रथम येणाऱ्याला नोंद मिळते, काहींत नेमलेला तज्ज्ञ अर्ज तपासतो, तर काहींत मानक मंजूर झाल्याशिवाय क्रमांक दिलाच जात नाही. २०१७ च्या आरएफसी ८१२६ नुसार, त्या दप्तरासाठी वेगळे निकष लिहून ठेवलेले नसतील तर तज्ज्ञाने सबळ कारण असल्याखेरीज नोंद नाकारू नये. क्रमांक मोजकेच उरलेले असणे, अर्जासोबतचे वर्णन अपुरे असणे, चालू यंत्रणांना बाधा पोहोचणे, ही अशी कारणे होत. म्हणून नकार आल्यावर अर्जदाराने आधी पाहायचे ते एवढेच, की दिलेले कारण यांपैकी कशात बसते.

इथे आमच्याच गटाची चूक सांगतो. एका फाइल-प्रकाराच्या नोंदणीसाठी अर्ज भरताना सुरक्षेविषयीच्या रकान्यात आम्ही 'काही नाही' असे दोन शब्द टाकून मोकळे झालो. अर्ज नाकारला गेला तेव्हा आम्हाला तो निव्वळ अडवणुकीचा प्रकार वाटला आणि रागाच्या भरात अपील लिहायला घेतले. वास्तविक या नोंदणीचे नियम सांगणारा आरएफसी ६८३८ बजावतो, की सुरक्षेचा धोका नाही असे म्हणणे आणि धोका तपासलेलाच नाही असे म्हणणे यांत गल्लत होता कामा नये. आम्ही तपासले नव्हते. आमच्या फाइलमध्ये बाहेरच्या पत्त्यावरून मजकूर आपोआप ओढून घेण्याची सोय होती, आणि तिचा उल्लेख अर्जात कुठेही नव्हता.

नकार खरोखरच चुकीचा वाटत असेल, तर १९९६ च्या आरएफसी २०२६ मधील अपिलाची तरतूद नोंदणीच्या निर्णयांनाही लागू आहे. पहिले अपील टास्क फोर्सचे तांत्रिक कामकाज सांभाळणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग स्टीअरिंग ग्रुपकडे करायचे; तिथे समाधान झाले नाही तर दुसरे इंटरनेटच्या एकूण रचनेवर लक्ष ठेवणाऱ्या इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाकडे. या कामाला पाठबळ देणाऱ्या इंटरनेट सोसायटी या संस्थेच्या विश्वस्तांपर्यंत जाण्याची वाटही आहे, पण कार्यपद्धतीच मुळात अपुरी आहे असे म्हणणे असेल तरच. 'माझा अर्ज नाकारला' एवढ्यावर तिथे जाता येत नाही. अपिलात वादाची वस्तुस्थिती सविस्तर आणि नेमकी लिहिलीच पाहिजे, आणि निर्णय जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत अपील दाखल झालेच पाहिजे. यासाठी वकील लागत नाही.

दोन महिन्यांची मुदत अपील करणाऱ्याच्या गळ्यात, आणि निर्णय देणाऱ्यांना मात्र 'वाजवी काळ' एवढीच मर्यादा! हा वाजवी काळ किती, हे नियमात मुद्दामच ठरवलेले नाही. झटपट निकालापेक्षा खरे तांत्रिक एकमत साधणे महत्त्वाचे, अशी त्यामागची भूमिका आहे. भूमिका मला पटते, तरीही अपिलाची स्थिती अधूनमधून कळवण्याचे बंधन असायला हवे होते, असे माझे मत आहे. क्रमांकाअभावी ज्याचे काम अडले आहे, त्याला नुसते थांबणेही महागात पडते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आर्किटेक्चर बोर्डाने स्टीअरिंग ग्रुपचा निर्णय रद्द केला, तरी नोंदणी लगेच पदरात पडत नाही. परिस्थिती तो निर्णय होण्यापूर्वी होती तशी होते. बोर्ड शिफारस करू शकते, पण जो निर्णय देण्याचा अधिकार फक्त स्टीअरिंग ग्रुपला आहे तो स्वतः देऊ शकत नाही. म्हणून वर्णनातल्या त्रुटीमुळे नकार आला असेल, तर ती दूर करून पुन्हा अर्ज करणे बहुधा जवळचे पडते, आणि कारणच नियमाला धरून नसेल तेव्हा अपील करावे.

आमचे अपील शेवटपर्यंत लिहून झालेच नाही. वस्तुस्थिती नेमकी मांडायची म्हणून फाइल काय काय करते हे त्यात एकेक करून लिहू लागलो, आणि थोड्याफार फरकाने तोच परिच्छेद पुढे नव्या अर्जात सुरक्षेच्या रकान्यात गेला.

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर अभियंता