महाराजाशिवाय अथेन्स

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत युरोप सहलीवरचा लेख वाचला, त्यात एक वाक्य होतं की शाकाहारी माणसानं तिकडे जायचं तर स्वयंपाकाचा महाराज सोबत असलेली टूरच घ्यावी नाहीतर पाव आणि सफरचंदावर दिवस काढायची तयारी ठेवावी, ते काही पचलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी, वय विचारू नका पण दोघींना नातवंडं आहेत, ऑक्टोबरात चार दिवस ग्रीसमधे अथेन्सला जाऊन आलो. टूर नाही, महाराज नाही. एकच शहर, एकच भाड्याचा फ्लॅट. चौघींपैकी तिघी पक्क्या शाकाहारी, भुसावळवाली तेवढी मासे खाते. उपाशी राहायचं सोडा, येताना कपडे घट्ट व्हायला लागले होते.

तयारी मात्र आम्हीपण त्या लेखकासारखीच घाबरून केली होती, खोटं कशाला बोलू. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, शेव, यावलवालीनं तर केळीचे वेफर्स एवढे घेतले की बॅगेत कपड्यांना जागा नाही. धुळेवालीचे पेढे शेवटच्या क्षणी काढून ठेवले कारण युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. हे लेखात असायला हवं होतं, ते नव्हतं.

एअरपोर्टवरून सरळ मेट्रो, माणशी ९ युरो, चाळीस मिनिटांत सिंतग्मा स्टेशन. तिथे मेट्रो खोदताना जे सापडलं ते स्टेशनातच काचेमागे लावून ठेवलंय, मातीचे थर, जुने पाण्याचे पाइप, एक कबरसुद्धा, आणि लोक ऑफिसला पळताहेत. आम्ही बॅगा घेऊन तिथेच अर्धा तास उभ्या.

आता मुद्द्याचं. पहिल्या संध्याकाळी एका तावेर्नात बसलो, तावेर्ना म्हणजे त्यांची खानावळच. मेन्यूत मेलिझानोसलाता असं काहीतरी होतं, सलाता म्हणजे सॅलड असेल म्हणून मागवलं. बशी आली, धुळेवालीनं पावाचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि पूर्ण हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाली, "हाई त आपलं भरीतच शे ना वं माय!" आणि खरंच भरीत होतं. वांगं निखाऱ्यावर भाजायचं, साल काढायचं, लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल घालून ठेचायचं. धुराचा तोच वास. फक्त हिरवी मिरची नाही, शेंगदाणे नाहीत, कांद्याची पात नाही, बडगीत मुसळीनं ठेचलेलं नाही, त्यामुळे आमच्या यावलवालीनं लगेच निकाल दिला की हे भरीत आजारी माणसाचं आहे. मग पर्समधून ठेचा निघाला. वेटर पोरगा बघत होता, त्याला पण चाखायला दिला, पुढचे दोन दिवस तो आम्हाला लांबूनच हात करायचा.

परत आल्यावर वाचलं की त्यांच्याकडे लेओनीदिओ भागातल्या एका वांग्याला आपल्या जीआयसारखा, म्हणजे भौगोलिक मानांकनासारखा, युरोपचा शिक्का आहे. आपल्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय मिळालं ते २०१६ साली. म्हणजे वांग्यासाठी हट्ट धरणारे आपण एकटे नाही.

आणि तो लेख सगळ्यात चुकतो तो इथे. ग्रीक लोक मांस खातात, भरपूर खातात, पण उपासही तेवढेच धरतात. ईस्टरच्या आधी चाळीसच्या वर दिवस, ख्रिसमसच्या आधी चाळीस, ऑगस्टमधे पंधरवडा, शिवाय वर्षभर बुधवार आणि शुक्रवार. धरणारे त्या दिवशी मांस, दूध, अंडी काही घेत नाहीत. आपल्या चातुर्मासासारखंच म्हणा. त्यामुळे बिनमांसाचा स्वयंपाक तिथे पाहुण्यांसाठी काढलेला नाही, घरचाच आहे. टोमॅटो आणि सिमला मिरचीत भात भरून भाजलेलं गेमिस्ता, मोठ्या पांढऱ्या दाण्यांची उसळ, लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी. आणि फावा! पिवळी डाळ घोटून वर कच्चा कांदा आणि तेल, म्हणजे आपलं वरणच, फक्त फोडणी विसरलेलं. सांतोरिनी बेटावरची फावा तर आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण आहे. गोडात लुकुमादेस, मधात बुडवलेले गुलगुले, बाकी काही नाही.

तर हॉटेलात 'व्हेजिटेरियन' म्हणण्यापेक्षा 'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं काय आहे असं विचारलं की बरं पडतं. पण सावध राहा, आम्ही शहाणपणा करून तसं विचारलं आणि समोर ऑक्टोपस आला, कारण त्यात लाल रक्त नसतं म्हणून तो उपासाला चालतो. तिघी खुर्च्या मागे सारून बसल्या आणि भुसावळवालीची दिवाळी. तेव्हापासून 'निस्तिसिमो' आणि 'समुद्रातलं नको' असं दोन्ही सांगत होतो. अजून एक, त्यांच्या भाषेत हो म्हणायला 'ने' म्हणतात. वेटर 'ने, ने' करायचा आणि धुळेवाली त्याला अर्धी बशी परत द्यायला निघायची.

अक्रोपोलिसबद्दल, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या देवळांबद्दल, त्या लेखात भरपूर होतं म्हणून थोडक्यात सांगते. तिकीट माणशी ३० युरो, वेळ ठरवून घ्यावं लागतं, आम्ही सकाळी आठचं घेतलं. पायाखालचा संगमरवर घासून घासून काचेसारखा झालाय, चपला घालून जाऊ नका. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास गेला की दुपारी काही तास बंद ठेवतात म्हणे, आम्ही जळगावकर यावर फक्त हसलो. पार्थेनॉनचं छप्पर १६८७ साली उडालं, आत तुर्कांचा दारूगोळा होता आणि व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. दोन हजार वर्षं टिकलेलं देऊळ एका गोळ्यात. आणि शेजारच्या दुसऱ्या देवळाचा भार डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या त्या सहा दगडी बायका, त्यांच्या जागी आता नकला आहेत, खऱ्यांतल्या पाच खालच्या म्युझियममधे आणि एक लंडनला. म्युझियमवाल्यांनी सहावीची जागा मोकळी ठेवलीय. आमच्यातली एकही तिथून पटकन हलली नाही.

फसलोही, तेपण सांगते. प्लाका भागात, जिथे पोरं मेन्यूकार्ड घेऊन रस्त्यात आडवी येतात, तिथे एका ठिकाणी न मागता पाव आला, बाटलीचं पाणी आलं आणि सगळं बिलात चौघींच्या नावावर लागलं. नळाचं पाणी तिथे चांगलं आहे, त्याचाच जग भरून मागा. आणि रात्री साडेसातला जेवायला गेलात तर हॉटेलात तुम्ही आणि मांजरं एवढेच, लोक नऊनंतर येतात. भूक लागली तर दुपारीच रस्त्यावरून तिळाचं कुलूरी, म्हणजे पावाचं कडं, घेऊन ठेवा.

हे पत्र छापलंत तर लेखकमहाशयांना एक विचाराल का, की ते तिकडे जेवले कुठे?

आपली नियमित वाचक,
जळगाव

ता. क. दशम्या तशाच उरल्या. शेवटच्या दिवशी फ्लॅटच्या मालकीणबाईंना दिल्या, तिला वाटलं खालून गॅसवर गरम करून वर मध घालायचा असतो, तिनं तसंच खाल्लं आणि दोनदा मागून घेतल्या. घरी येऊन मीपण करून बघितलं. मुलांना सांगितलं नाही.