जाहिरातीतला रामबाण आणि डब्यामागची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मेटाबॉलिक सिंड्रोमवर (वाढलेली कंबर, शुगर, बीपी, रक्तातली चरबी असं एकत्र येणं) लेख आला, चांगला होता, पण त्याच पानावर खाली शुगर, बीपी आणि पोटाची चरबी तिन्ही मुळापासून घालवणाऱ्या 'नैसर्गिक' कॅप्सूलची पाव पान जाहिरात होती, म्हणून लिहितोय.

माझं तालुक्याच्या गावात मेडिकल आहे. तुमची जाहिरात मोबाइलवर फोटो काढून आणतात लोक, हेच द्या म्हणतात. मी डबा उलटा करून मागची ओळ दाखवतो. हेल्थ सप्लिमेंट असेल तर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिणं एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याच्या) नियमाने सक्तीचं आहे. म्हणजे डबा सांगतो मी औषध नाही आणि जाहिरात सांगते मी रामबाण, आणि गिऱ्हाईक अर्थातच जाहिरातीवर विश्वास ठेवतं कारण ती 'पेपरात आलीय'. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत मधुमेह, लठ्ठपणा, ब्लड प्रेशर तिन्ही आहेत, ते बरं करतो अशी जाहिरात करता येत नाही, आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्या कायद्यात येतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता सगळंच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. इसबगोल घ्या, दिवसाला ७ ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात गेले तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं उतरतं, त्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा करायला अमेरिकेच्या एफडीएनेही (तिथलं अन्न-औषध खातं) १९९८ मधे परवानगी दिलीय. फक्त भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब. मेथी दाण्यानेही शुगरवर थोडा परिणाम होतो, पण ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असताना वरून मेथीची पावडर, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण असं सगळं एकदम सुरू केलं की शुगर खाली जाऊन घाम फुटतो, हात थरथरतात. आणि झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक असंही नाही, २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला झालेल्या इजेबद्दल पेपर छापला होता, आयुष मंत्रालयाने तो फेटाळला तो भाग वेगळा.

प्रोबायोटिकचं (पोटाला उपयोगी जिवंत जिवाणूंचं) तर विचारूच नका. जिवाणूच्या नेमक्या स्ट्रेनवर (उपप्रकारावर) सगळं अवलंबून असतं, एका स्ट्रेनवर झालेला अभ्यास दुसऱ्याला लागू होत नाही, आणि जिथे फरक दिसलाय तिथेही तो छोटा आहे, बीपीची गोळी बंद करण्याएवढा नाही. घरचं दही चांगलंच, खा की, पण त्याची कढी उकळली की जिवाणू गेले. लोणचं 'आंबवलेलं' म्हणून बीपीवाल्याला खायला सांगणारे व्हिडिओ फिरतायत, त्यातल्या मिठाचं काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही.

खरा घोटाळा असा की गिऱ्हाईक चारपाचशेचा डबा परवडावा म्हणून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बंद करतं, त्याची पाकिटं त्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त असूनसुद्धा!

आणि बारीक माणसं म्हणतात आम्हाला काय होतंय. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक यांनी २००४ मधे 'लॅन्सेट'मधे आपला आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तोच २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या ९.१. आपली बरीच जनता याज्ञिकांच्या बाजूची आहे, वजनकाटा यात फार काही सांगत नाही.

तेव्हा दोन गोष्टी करा. अशा जाहिराती घेण्याआधी त्या डब्याचं लेबल मागवून घ्या. आणि पुढच्या पुरवणीत कंबर कशी मोजायची त्याचं चित्र छापा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुष ९० सेंटीमीटर, बायका ८०, त्यापुढे गेलं की उपाशीपोटी शुगर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि बीपी तपासून घ्यायचं, कंबर धरून पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या असतील तर डॉक्टरकडे. पाव पानात आरामात बसेल.

आपला,
एक मेडिकलवाला, जि. सातारा