मॅडम, तुमच्या पेन्सिलच्या त्या गोलासाठी

आदरणीय मॅडम,

समोर आलो की माझ्या तोंडातनं 'थँक्यू मॅडम' एवढंच निघतं आणि मी पळतो, म्हणून हे लिहितोय.

तुमच्याकडं यायच्या आधी मी सायन्स सोडायचं ठरवलं होतं, हे तुम्हाला माहीत नाही. दहावी मराठी मीडियम आणि अकरावीला सगळं एकदम इंग्लिश. आधीच्या क्लासला रॅडिकल फंक्शन सुरू झालं तेव्हा मी विचारलं, सर, आत वर्गमूळ आहे म्हणजे ही नववीच्या गणितातली करणीच ना? अख्खी बॅच हसली. सर म्हणाले, "करणी-बिरणी गावाकडं काढायची, इथं नाही." आणि माझ्या वहीवर ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. कुठं चुकलं ते काहीच नाही. पप्पांनी त्या क्लासची फी दोन हप्त्यात भरली होती, ते पान मी घरात कुणालाच दाखवलं नाही.

तेच गणित तुमच्याकडं आणलं होतं. एक्स अधिक 6 चं वर्गमूळ बरोबर एक्स. मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला, अवयव पाडले, उत्तरं आली 3 आणि वजा 2. तुम्ही लाल पेन हातात घेतलाच नाही. पर्समधनं बोटाएवढी उरलेली पेन्सिल काढली, वजा 2 भोवती एक गोल केला, इतका हलका की वही तिरकी धरली तरच दिसावा, आणि वही माझ्याकडं फिरवून म्हणालात, "ह्याला पहिल्या ओळीत नेऊन बसव की, बसतोय का बघ." आणि गप्प बसलात. बेल झाली, शिपाईमामा कुलूप घेऊन दारात आले, तरी तुम्ही गप्पच.

मी बसवला. आत 4 झाले, त्याचं वर्गमूळ 2, आणि पलीकडं वजा 2. बसत नव्हता.

मग म्हणालात, "रीत बरोबरच आहे तुझी. वर्ग करताना दार उघडतं, 2 पण आत येतो आणि वजा 2 पण, दोघांचा वर्ग चारच. बिनबोलावलेला कोण ते परत पहिल्या दारात नेलं की कळतं." 'रीत बरोबर आहे' हे मला त्या अख्ख्या वर्षात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं, मॅडम. जिना उतरताना माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतर डोमेन, म्हणजे एक्सला कुठल्या किमती चालतात ते, पण सरळ झालं. आधी मी पाठ केलं होतं, रूटच्या आत शून्य किंवा मोठं, आणि घनमूळाला पण तेच लावत बसायचो. आता कळतंय, एक्स वजा 3 च्या वर्गमूळाचा ग्राफ 3 ला सुरू होतो, डावीकडं काहीच नाही, पण घनमूळाच्या आत वजा 8 बिनधास्त जातो आणि वजा 2 होऊन बाहेर येतो. आणि करणी! तुम्ही सांगितलंत की शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी बांधायच्या जुन्या ग्रंथांत, दोरीनं यज्ञाच्या वेदी मापायचे आणि दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी बाजू म्हणजे द्विकरणी, आपलं 2 चं वर्गमूळ. ज्या शब्दावर सगळे हसले तो एवढा जुना निघाला.

2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा कुठली कुठली माणसं भाकरी घेऊन आली होती, मी लहान होतो पण आठवतंय, तुम्ही कोण, कुठले असं कुणी विचारलं नाही. आई अजून म्हणते, कोल्हापुरात माणूस उपाशी झोपत नाही. तुम्ही पण मला किती टक्के पडले, कुठल्या मीडियमचा, काही विचारलं नाहीत. माझा नंबर तुमच्या वर्गात पण नव्हता.

तो गोल मी खोडलेला नाही. परवा एक गणित सोडवलं, एक्स अधिक 5 च्या वर्गमूळातनं एक्सचं वर्गमूळ वजा केलं तर 1, उत्तर 4, नीट बसलं. मग मीच वजाच्या जागी अधिक केलं. परत 4 च आलं. पहिल्या ओळीत नेलं तर 3 अधिक 2, म्हणजे 5, आणि पाहिजे होतं 1. म्हणजे ह्याला उत्तरच नाही. कुणाला न विचारता लिहिलंय, सोमवारी मधल्या सुट्टीत दाखवायला येतो.

तुमचा,
मागच्या बाकावरचा