काका, तुमचे मनापासून आभार

काका नमस्कार,

लिहीन लिहीन म्हणता राहूनच जात होतं, आज लिहूनच टाकते, आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुम्ही जे करता ते आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना कळायलाच पाहिजे. कोणीही पानाचा नाहीतर किड्याचा फोटो पाठवला की तुम्ही नुसतं नाव सांगून मोकळे होत नाही, खोड दाखव, पानाची मागची बाजू दाखव, शेजारी एक नाणं ठेव म्हणजे आकार कळेल, असं सगळं विचारून घेता.

सगळ्यात मोठे आभार त्या कुत्र्याच्या छत्र्यांसाठी. जुलैत पाऊस झाला आणि कॉलनीच्या बगीच्यात ताटलीएवढ्या पांढऱ्याशुभ्र छत्र्या आल्या, दोन घरी तर भाजी करायचं ठरलं पण होतं. तुम्ही स्पष्ट सांगितलंत, फोटो बघून खायचं की नाही हे मी कधीच सांगणार नाही, आधी एक छत्री देठापासून काप, छत्रीच्या आतल्या पट्ट्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेव, वरून वाटी झाक आणि रात्रभर हात लावू नको. सकाळी वाटी उचलली तर कागदावर हिरवट भुकटीच्या बारीक बारीक रेषा, मधून कडेपर्यंत! म्हणजे ही विषारी जात, क्लोरोफिलम मोलिब्डायटिस, खाल्लं की काही तासांत उलट्या-जुलाब. कोवळी असताना खालच्या पट्ट्या पांढऱ्याच दिसतात म्हणून लोक फसतात, हेही तुम्हीच समजावलंत. ती भाजी पोरांच्या ताटात गेली नाही ती फक्त तुमच्यामुळे काका.

तगरीवरची ती बोटाएवढी हिरवी अळी पण तुमच्यामुळेच वाचली. पुढच्या बाजूला दोन निळे डोळे बघून मुलं काठी घेऊन आली होती, तुम्ही सांगितलंत ते डोळे नाहीतच, नुसते ठिपके आहेत, ही ऑलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी, कण्हेर आणि तगर हे तिचं आवडतं खाणं, चार पानं गेली तर जाऊ दे. आणि रालामंडल अभयारण्यातल्या त्या गुळगुळीत पांढरट खोडाच्या झाडावरून आमच्यात केवढा वाद, अर्जुन का कुल्लू, तुम्ही फक्त पान मागितलंत, पाच टोकांचं निघालं म्हणजे कुल्लूच, अर्जुनाचं लांबट असतं आणि देठाजवळ दोन बारीक गाठी असतात.

रात्री अकराला विचारलं तरी तुम्ही उत्तर देता, कधी कंटाळा नाही, कधी चिडणं नाही. खूप खूप आभार काका, आणि काकूंनाही नमस्कार सांगा.

तुमचीच,
कॉलनीतली सगळ्यात जास्त फोटो पाठवणारी