कडेगावला, घरी

ती. आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई रडते आणि बाबा मोबाईल टीव्हीपाशी ठेवून बाहेर जातात, म्हणून लिहितोय. मास्टर्सला ॲडमिशन घेतली. इथं फ्रान्समध्ये, माँपेलिएलाच, दोन वर्षं, कोरिओग्राफी. फी भरली. नोकरी सोडली म्हणजे रस्त्यावर आलो असं नाही हां, साठवलेले पैसे आहेत, शनिवार-रविवार एका हॉटेलच्या किचनमध्ये काम मिळालंय, रूमवर कुकर आहे, तूरडाळ मिळते, आणि जॅकेट चांगलं जाड घेतलंय आई.

बाबा, पोरगं नाचायला गेलं असं गावात कसं सांगू म्हणालात. सोरूर दाराबी म्हणून इराणमधल्या शिराझचे एक कलाकार आहेत, नाच शिकायला इकडे माँपेलिएलाच आले. इराणमध्ये 1979 नंतर नाचावर बंधनं आली, सरकारी बॅले कंपनीसुद्धा बंद झाली. त्यांच्या 2016 च्या एका प्रयोगात ते टेबलाशी भाषणाला बसतात, तोंडातून बोलणं निघत नाही, शेवटी कागदच चावायला लागतात. ऑफिसात सुरुवातीला माझं तेच व्हायचं, तुम्हाला बोललो नाही एवढंच. आणि 2018 चा 'सावुशून', तो मी रेकॉर्डिंगवर बघितला, एकटा माणूस स्टेजवर आणि विषय काय, तर मोहरमचा शोक! एरवी कडक असणारे पुरुष त्या दिवसांत चारचौघांत छाती पिटून रडतात, ते त्यांनी उचललं, आणि परक्या मुलखात लोकांसमोर आपलं दुखणं न झाकता उभे राहिले. मला तर आपल्या गावच्या मोहरमातल्या ताबुतांच्या भेटीच दिसल्या ओ. तुम्ही खांदा द्यायचात, मी तुमच्या सदऱ्याला धरून, आणि तुमचे डोळे भरलेले. घरी आल्यावर म्हणायचात धूळ गेली. आजी गेली तेव्हाही धूळच गेली होती की. मला त्याच्यावर काम करायचंय, बाबा. तुमचं नाव कुठं येणार नाही, काळजी नको.

नोकरीतनं मन उठलं यात तुमचं काही चुकलं नाही, इंजिनीअरिंगला घातलंत म्हणूनच इथवर पोचलो.

आता बीपीची गोळी अर्धी मोडून पुरवायची बंद करा. जिन्यातला बल्ब आजच बदला, अंधारात वर जायचं नाही. आई, गुडघ्याला नुसतं तेल चोळून भागणार नाही, डॉक्टरला दाखव, आणि पाठवलेल्या पैशाची एफडी करू नकोस, खर्च कर गं. काकांना मी स्वतः फोन करून सांगतो, तोवर तुम्ही कुणी त्यांच्यापाशी काही बोलू नका, रविवारी तर अजिबातच नको, त्यांच्याकडे पाहुणे असतात.

तुमचा,
बाळू